तात्यांनी भरलेला ट्रे

तात्या तोरसकर बर्फाचा ट्रे कधी रिकामा परत करत नसत. ऐंशीच्या दशकात घाटकोपरच्या आमच्या चाळीत पहिला फ्रिज आमच्याकडे आला आणि उन्हाळाभर सगळा मजला बर्फ न्यायला येऊ लागला. बाकीचे ट्रे तसाच आणून टेकवत. शेजारचे तात्या मात्र तो धुऊन, पाणी भरून आणत आणि स्वतःच्या हातानं फ्रीझरमध्ये ठेवत. मी काठोकाठ भरला की टोकत, "वैनी, बर्फ झालो की पाणी फुगता. त्याका जागा ठेवक व्हयी."

मासळीसाठी लाद्या पाडणाऱ्या बर्फाच्या कारखान्यात त्यांची उभी हयात गेली होती. ट्रेचं बूड ओलं करून ठेवलं की बर्फ लवकर धरतो, झालेले तुकडे झाकणाच्या डब्यात काढून ट्रे लगेच पुन्हा भरायचा, हे मला त्यांनीच शिकवलं. बर्फ कशाला हवाय हे मात्र ते कधी सांगत नसत, आणि मी विचारत नसे.

मे महिन्यातल्या एका दुपारी नणंदेच्या सासरची माणसं पहिल्यांदाच यायची होती. पन्ह्यासाठी मी डबाभर बर्फ जपून ठेवला होता. ट्रेही जमलेला होता. तेवढ्यात तात्या वाडगा घेऊन दारात आले.

"अजून जमलाच नाही हो, तात्या," मी म्हणाले.

ते फ्रिजकडे एकदा बघून वळले. "मगे दार उघडू नकात. गारवो भायर जाता," एवढं बोलून परत गेले.

पाहुण्यांनी पन्ह्याचं कौतुक केलं, मीही खुशीत होते. ते गेल्यावर कळलं की तात्यांच्या बायकोला, काकूंना, सकाळपासून सणकून ताप होता, तात्या माठातल्या पाण्याच्या घड्या ठेवत होते, आणि आता त्यांना इस्पितळात नेलं होतं. काकू परत आल्या नाहीत. ताप मेंदूत गेला होता, असं डॉक्टर म्हणाले. वाडगाभर बर्फानं काय झालं असतं, असं मी स्वतःला बजावत राहिले.

मग एकदा ट्रे धुताना आठवलं. आदल्या संध्याकाळी नेलेला तो ट्रे त्या दिवशी सकाळी सातला तात्यांनीच भरून आत ठेवला होता. बर्फात आयुष्य काढलेल्या माणसाला मी भर दुपारी तो जमला नाही म्हणून सांगितलं होतं. मला माझीच शरम वाटली.

दिवसकार्य उरकून तात्या कायमचे गावी निघाले. निरोपाला येतील तेव्हा सगळं सांगून पाय धरायचे, असं मी ठरवलं होतं. ते आले, फ्रिजकडे बघत म्हणाले, "आता बर्फ बरो जमता मा, वैनी?"

आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बोलता आलं असतं. मी नुसतं "हो" म्हणाले.

तात्या पुन्हा भेटले नाहीत. ट्रे भरताना मी अजून बोटभर जागा सोडते, आणि "तात्या, तेव्हा बर्फ जमला होता" हे तोंडाशी आलेलं वाक्य दर वेळी तसंच गिळते.