त्या दिवसाची भूक

धाकटा भाऊ तापाने गेला, तेव्हापासून आई बोलेनाशी झाली. खानदेशातून पोटासाठी येऊन राहिलो होतो त्या गोडादऱ्याच्या आमच्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. भाकर पुढे केली तर एखादा घास मोडायची, तोही आमच्या समाधानासाठी. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट.

त्यात तिच्या काखेत गळू झालं. उधन्याच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी केटामाइनची, म्हणजे भुलीची, सुई देऊन ते कापलं. बाहेर आणली तेव्हा तिचे डोळे उघडे होते, पण नजर भलतीकडेच. ती गेलेल्या धाकट्याला हाका मारत होती, आपण छताला लागलोय म्हणत होती. मावशीने पिशवीतून कुंकू काढून तिच्या कपाळाला फासलं आणि पायांवर डोकं ठेवलं. खानदेशात कानबाई देवी अंगात आली की असंच करतात. नर्सने हटकलं, पण मावशी कुठली ऐकायला.

दुसऱ्या दिवशी आईने एका हाताने का होईना, पीठ मळलं. दोन भाकरी खाल्ल्या. भाजीत मीठ कमी म्हणून मला चांगलं फैलावर घेतलं. बोलणी खाऊन इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

मग वाद सुरू झाला. मावशी म्हणे, देवी आली, पोरगा दिसला, म्हणून ही उठली. वडील म्हणत, औषध लागू पडलं. दिसलं ती नुसती गुंगी. हल्ली हेच औषध खचलेल्या मनावर देतात, आणि गुण औषधाचा की त्यात जे दिसतं त्याचा, यावर मोठमोठे डॉक्टर भांडतात म्हणे. आमच्याकडे ते भांडण स्टोव्हपाशी चालायचं आणि मला दोघांचाही संताप यायचा, कारण आईला कुणीच काही विचारत नव्हतं.

थोड्याच दिवसांत आई पुन्हा भिंतीकडे वळली. वडील डॉक्टरांकडे तीच सुई मागायला गेले. ती कापाकापीसाठी असते, दुःखासाठी नाही, असं सांगून त्यांनी परत पाठवलं.

श्रावणात मावशीने कानबाई बसवली आणि आईला पुढ्यात बसवलं. डफ वाजला, शेजारणी घुमू लागल्या. आई तशीच बसून. मावशीने तिचे खांदे गदागदा हलवले, देवीला येऊ दे म्हणून विनवलं.

"कानबाई नही दखायनी तरी चाली," आई म्हणाली. "पोऱ्या नही दखायना तरी चाली. माले त्या दिननी भूक पाहिजे."

मावशी रडायला लागली. मी प्रसादाचा रोट आईपुढे ठेवला. तिने एक तुकडा मोडला आणि तो हातातच धरून बसली.