एक कप मसूरडाळ

सलूनमधल्या दादांचं मनगट फुटलेल्या आरशाने कापलं. बोटं ओढणारी आतली दोरी तुटली होती, ती डॉक्टरांनी टाके घालून जोडली. टाके निघाले, पट्टी सुटली, पण हात मांडीवर परक्यासारखा पडून राही. उजवा हात, वस्तऱ्याचा.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं, "तळहातावर दोनशे ग्रॅम ठेवून मनगट उचला. त्याहून जास्त अजिबात नको. जोड अजून कच्चा आहे."

घरात वजनकाटा नव्हता. दादांच्या बायकोने मसूरडाळीचं किलोचं पाकीट फोडलं आणि डाळ स्टीलच्या कपाने मोजायला घेतली. दर वेळी बोटाने काठ सपाट करायची. पाच कप भरले. म्हणजे एका कपात दोनशे ग्रॅम. जुन्या शर्टाच्या बाहीची पिशवी शिवून तिने त्यात एक कप डाळ भरली. दादा ओठ आवळून ती उचलू लागले.

मदतीला आलेल्या दादांच्या धाकट्या बहिणीने एकदा ती पिशवी झटकली. शिवण उसवली आणि डाळ मोरीत सांडली. वहिनी बाहेर होती. बहिणीने फोन लावला.

"वहिनी, पिशवीत किती डाळ घालू?"

"एक कप. शीग नको, सपाट."

वहिनी परतली तेव्हा दादा मनगट छातीशी धरून बसले होते. चेहरा पांढराफटक.

"आत काहीतरी कट्कन वाजलं," ते म्हणाले. "करंगळी वळत नाहीये."

वहिनीने पिशवी उचलली. ती नेहमीपेक्षा जड होती.

"वन्सं, कोणत्या कपाने भरलीत?"

बहिणीने दादांच्या चहाच्या मोठ्या मगाकडे बोट दाखवलं. "दादा रोज 'माझा कप आण' म्हणतो ना... तोच."

वहिनीने पिशवीची शिवण उसवली. डाळ ताटात ओतून स्टीलच्या कपाने मोजली. एक कप भरला, वर आणखी अर्धा.

"तीनशे," ती म्हणाली. "चला, रिक्षा बघा. डाळ पिशवीत भरून घेते मी."

दवाखान्यात व्यायामाच्या बाईंनी दादांचा हात टेबलावर ठेवला. "करंगळी वाकवा."

काहीच हललं नाही. बहिणीने पदर तोंडाशी धरला.

"पुन्हा. दुखलं तरी."

दादांच्या मानेच्या शिरा ताणल्या. करंगळीचं टोक थरथरलं, मग जेमतेम आत वळलं.

बाईंनी श्वास सोडला. "जोड शाबूत आहे, पण ताण बसलाय. वजन बंद. पट्टी परत."

बाहेर आल्यावर बहिणीला रडू फुटलं. "वहिनी, मी त्याचा हात घालवला असता गं."

"कोणता कप ते मी तरी कुठे सांगितलं? पुसा डोळे. वाण्याकडे जाऊ."

वाण्याने पिशवी काट्यावर ठेवली आणि विचारलं, "डाळ घरून आणलीत, मग मी विकू काय?" कुणी हसलं नाही. काटा दोनशेवर येईपर्यंत बहीण चिमटीने डाळ काढत राहिली. मग वाण्याची सुई मागून घेऊन तिने तिथेच दुहेरी दोऱ्याने तोंड शिवून टाकलं.

पट्टी सुटल्यावर व्यायाम पुन्हा पहिल्यापासून झाला. दादा सलूनमध्ये परतले, केस कापू लागले. वस्तरा मात्र बरेच दिवस दुसऱ्या कारागिराकडे होता. एका सकाळी एक जुनं गिऱ्हाईक खुर्चीत हटून बसलं. "दाढी तुम्हीच करा, नाहीतर उठतो."

दादांनी वस्तरा उघडला. कानापासून हनुवटीपर्यंत एक हात फिरवला, पातं पुसलं, गालाकडे निरखून पाहिलं.

"मान थोडी वर," ते म्हणाले.