म्हात्रेभाऊंचं पथक

घरात माळ्यावर सामान साठतं ना, तसे माझ्याकडे लॉकडाऊनचे किस्से साठलेत. मी पालिकेत पाणीबिलं बघणारा माणूस. करोनात मला गर्दी हटवणाऱ्या पथकात टाकलं आणि मी माणसं बघून थक्कच झालो!

पथकाचे प्रमुख म्हात्रेभाऊ. शीळफाट्याजवळच्या गावातले, जुने आगरी. नियम म्हणजे नियम! पण त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं, आणि त्यांच्याकडे हळद म्हणजे अख्खा गाव, डीजे आणि बाटल्या. ज्या गाववाल्याला दंड करू तो म्हणायचा, "बघू, तुमच्या पोरीच्या हळदीला काय करता ते!"

भाऊ पावती फाडून हातात द्यायचे. घरी काय उत्तर द्यायचं याचं त्यांना टेन्शन होतंच.

वाईन शॉप उघडली तो दिवस. कळव्यात ही भलीमोठी रांग! मी शिट्टी मारत पुढे गेलो, तर रांगेत माझे सासरे! घरी 'रेशनला जातो' सांगून आलेले. त्यांनी शांतपणे मास्क वर केला.

"जावईबापू, तुमच्यासाठी काही घेऊ का?"

मग वागळे इस्टेटचा एक गाळा. शटर खाली, आत मशीनची घरघर. शटर उचललं तर मशीन रिकामं फिरतंय, टेबलावर ग्लास आणि चकणा, आणि भोवती दहा-बारा जण!

"अत्यावश्यक सेवा आहे, साहेब," मालक म्हणाला. "सॅनिटायझर बनवतो." आणि ग्लासातली व्हिस्की दोन्ही हातांना चोळली!

कळस केला ठाण्यातल्या एका सोसायटीने. गच्चीवर पार्टीची तक्रार होती. आम्ही वर पोचेपर्यंत सगळे मांडी घालून बसलेले, समोर हार घातलेला फोटो. "सेक्रेटरी गेले हो!" म्हणाले. भाऊंनी चप्पल काढून हात जोडले. तेवढ्यात टाकीमागून बर्फाचा डबा घेऊन फोटोतला माणूस आला!

भाऊ म्हणाले, "दंड मयतच भरेल ना?"

मयताने मोबाईलवरून भरला.

शेवटी भाऊंच्या मुलीची हळद आलीच. लग्नाला पंचवीस माणसांची मर्यादा. पालिकेतल्या साहेबांनी नेमकं आम्हालाच तिकडे पाठवलं. आता आपल्याच प्रमुखाला दंड करायचा?

बघतो तर डीजे नाही, बाटली नाही. गेटवर भाऊ स्वतः माणसं मोजत उभे! पंचविसावे ते स्वतः. सख्ख्या चुलत्यांना त्यांनी रस्त्यावरून परत पाठवलेलं.

इतक्यात डोंबिवलीहून त्यांची मोठी बहीण आली, नवरीची आत्या.

"बाय, पंचवीस झाली," भाऊ खाली बघत म्हणाले.

"मंग तू ये भायेर! मना जांव दे आत!"

भाऊ खरंच बाहेर आले आणि तिला आत सोडून बाहेरून गेट लावलं! मुलीला हळद लागत होती आणि बाप रस्त्यावर आमच्या जीपशेजारी उभा. आम्ही कोणीच त्यांच्याकडे बघू शकत नव्हतो.

जरा वेळाने नवरीच गेटपाशी धावत आली. हळदीने माखलेला हात गजातून बाहेर काढून तिने बापाच्या गालाला लावला. आतून बायकाही तिच्यामागे गेटवर जमल्या.

भाऊंचे डोळे भरून आलेले. त्यांनी खिशातून शिट्टी काढली आणि फुंकली.

"आत जा गो बाय. गर्दी होते."