सहीच्या जागेवरचा ठिपका

महिना होऊन गेला. कॉलेजला निघतानाच अप्पांचा फोन आला. "आक्का गेली," एवढंच म्हणाले. मग, "अंगावर घालायला माहेरचं लुगडं न्यावं लागंल... कोणता रंग आवडायचा गं तिला?" "जांभळा," मी बोलून गेले. आक्का म्हणजे माझी आत्या; सहा वर्षं आमच्या घरातलं कुणी तिच्याशी बोलत नव्हतं. मला रंग कसा ठाऊक, हे अप्पांनी विचारलं नाही.

हे बोलणं तुटलं तेव्हा मी आठवीत होते. आजोबा वारल्यावर सिल्लोडजवळची जमीन एकट्या अप्पांच्या नावावर करायची होती. आमच्याकडं बहिणी हक्कसोड करून देतात, भाऊ साडी नेसवतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. अप्पा हिरवी साडी आणि लिहून आणलेला कागद घेऊन शहराच्या कडेला हर्सूलला आत्याकडं गेले, सोबत मी. आत्याला सहीपुरती अक्षरं येत. तिनं पेन कागदावर टेकवलं आणि सहज म्हणाली, "एवढी शाळा शिकती, वाच बरं काय लिहिलंय." मला वाचून दाखवायची भारी हौस. खणखणीत वाचलं... 'माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, माझा कायमचा हक्क सोडत आहे.' "परत वाच," आत्या म्हणाली. मी वाचलं. तिनं पेनाला टोपण लावलं. "रंगा, मला कुणी इचारलं का रं, राजी हाय का म्हणून? वावर नको मला. पण नाव ऱ्हाऊ दे. बापाची मी बी हाय."

"समद्याच बहिणी देत्यात, आक्का."

"देत असतील. त्यांना कुणी वाचून दाखवलं नसंल."

अप्पा साडी, कागद तिथंच टाकून उठले. बसमध्ये मला एवढंच म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं सगळं वाचायला?" त्यानंतर आत्याला ना पंचमीचं बोलावणं गेलं, ना दिवाळीचं.

शहरात कॉलेजला आल्यावर मी घरी न सांगता दर रविवारी तिच्याकडं जायचे. ती गोधड्या शिवायची. एकदा धीर करून विचारलं, "माझ्यामुळं तुझं माहेर तुटलं ना?" ती हसली. "येडी! दर ऐतवारी येऊन भाकरी खाती, आन् म्हणं तुटलं." पण पंचमीला ती दिवसभर दाराकडं तोंड करून टाके घालत बसायची, हेही मी पाहिलं आहे.

दहाव्याला अप्पांनी तिची पेटी उघडली. हिरवी साडी, घडी न मोडलेली. त्यात तो कागद. त्यांनी तो माझ्याकडं दिला. "वाच. तवा मी कान देऊन ऐकलाच नाय." मी वाचला, या वेळी सावकाश, एकेक शब्द. अप्पा ऐकत राहिले... कागद त्यांनी परत मागितला नाही.

मला धाकटा भाऊ आहे. असा कागद कधी माझ्यापुढंही येईल. तेव्हा मी काय करीन, खरंच सांगता येत नाही. आधी पुरता वाचीन, एवढं नक्की. आत्याचा कागद माझ्या वहीत आहे. खाली सहीच्या जागेवर एक निळा ठिपका आहे, तिनं पेन टेकवून उचललं होतं तिथं.