मोकळ्या जागेतून गेलेला चेंडू

मी सांगली सोडली त्या दिवशी बाबांची मॅच होती. म्हणजे बाबा खेळत नव्हते. बँकेतली नोकरी सांभाळून ते क्लब क्रिकेटचा स्कोअर लिहायचे. मुलगी जर्मनीला शिकायला चालली म्हणून मॅच थोडीच थांबते? लंचच्या सुट्टीत ते स्कूटरवरून एसटी स्टँडवर आले, माझ्या बॅगा मुंबईच्या गाडीत चढवल्या आणि खिशातली लाल-निळी पेन्सिल माझ्या हातात ठेवली. "आधी बघ, मग लिही. दिसलं तेच लिही," हे नेहमीचं वाक्यही दिलं. गाडी सुटायच्या आत परतसुद्धा गेले. मला भयंकर राग आला होता. आई मी कॉलेजात असतानाच गेली होती, आणि आता घरात ते एकटेच राहणार होते. गाडी हलताना त्यांना बघायचं नव्हतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आता मी वाल्डॉर्फला असते. इथल्या मराठी सॉफ्टवेअरवाल्यांची मुलं टेनिस नाहीतर फुटबॉल खेळतात. माझी तेरा वर्षांची इरा बेसबॉलच्या मागे लागली. तुमच्यापैकी जे इकडे आलेत त्यांना ठाऊक आहे, फेराइनमध्ये, म्हणजे इथल्या क्लबात, मूल घातलं की आईबापही ओढले जातात. वर्षाचे ठरलेले आर्बाइट्सश्टुंडन, म्हणजे फुकट कामाचे तास, भरावेच लागतात: कुणी केक आणतं, कुणी मैदानाच्या रेघा मारतं. माझा केक कुणी खाल्ला नसता. "माझे वडील क्रिकेटचे स्कोअरर होते," एवढंच मी बोलून गेले, आणि क्लबचे म्हातारे स्कोअरर ऊवे यांनी शेजारची खुर्ची पुढे केली.

बेसबॉलच्या वहीत क्षेत्ररक्षकांना आकडे असतात. चेंडू टाकणारा एक, फलंदाजामागे पकडणारा दोन, पहिल्या बेसवरचा तीन, दुसऱ्यावरचा चार, तिसऱ्यावरचा पाच. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये उभा तो शॉर्टस्टॉप, म्हणजे सहा. लांबचे तिघे सात, आठ, नऊ. सहाने चेंडू अडवून तीनकडे फेकला आणि फलंदाज बाद झाला, की लिहायचं ६-३. संपलं. मला हे इतकं आवडलं की स्वयंपाक करतानाही मी आकडे जुळवत बसायचे. क्रिकेटच्या वहीत झेल कुणी घेतला ते असतं. तो मिडविकेटला घेतला की पॉइंटला, याच्याशी वहीला काही देणंघेणं नसतं.

एका शनिवारी समोरच्या संघात एक डावखुरा मुलगा होता. प्रत्येक फटका पहिल्या बेसच्या बाजूलाच. आमच्या कोचने सगळ्यांना तिकडे सरकवलं, याला शिफ्ट म्हणतात. शॉर्टस्टॉप इरा आपली जागा सोडून पार पलीकडे, पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मध्ये आली, जिथे एरवी चार नंबरची लेना उभी असते. चेंडू सणसणत आला. तिने झेपावून अडवला, फेकला, मुलगा बाद. मी आधी बघितलं, मग लिहिलं: ४-३. स्लिपमध्ये जो उभा राहील तो स्लिप, हेच मी लहानपणापासून बघत आले होते.

मॅच संपल्यावर इराने वही पाहिली. एरवी ती मला जर्मनमध्येच उत्तर देते. चिडली की तेवढं मराठी येतं.

"आई, फाल्श! चुकलंय! चार लेना आहे. मी शॉर्टस्टॉप आहे. एगाल, वो इश श्टेहे!"

कुठेही उभी असले तरी. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मोसमातला तिचा सगळ्यात सुंदर बळी आईनेच लेनाला देऊन टाकला होता.

"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणत ऊवेंनी खोडरबर काढलं. सुरुवातीच्या यादीत जो आकडा मिळतो तो खेळाडूबरोबर फिरतो. कोचने अदलाबदल जाहीर केली तरच बदलतो. मी खोडून ६-३ केलं. पण मला आणखी एक विचारायचं होतं. नंतर एक चेंडू तिसऱ्या बेसजवळच्या मोकळ्या जागेतून रमतगमत निघून गेला होता. ती चूक कुणाच्या नावावर?

"तिथे कुणी होतं का?" ऊवे म्हणाले. "नव्हतं ना? मग चूक कसली? तो हिट. जो तिथे होता आणि ज्याला साध्या प्रयत्नात जमलं असतं, त्याचीच चूक लिहायची."

घरी येताना गाडीत ती मोकळी जागाच माझ्या डोळ्यांसमोर होती. तीन वर्षांपूर्वी बाबा न्हाणीघरात पडले. दोन तास तसेच पडून होते. शेजारच्या शिर्केकाकांनी दार तोडलं. माझा फोन मीटिंगमध्ये सायलेंटवर होता. खुब्याचं ऑपरेशन झालं, हातात काठी आली आणि बाबांचं मैदान सुटलं. तेव्हापासून माझा प्रत्येक फोन "बाबा, जपून चालताय ना?" यानेच सुरू होतो. माझ्यावर रागावलात का, हे विचारायची मात्र हिंमत झाली नाही.

रविवारी व्हिडिओ कॉलवर मी त्यांना शिफ्टची गोष्ट सांगितली. किती दिवसांनी त्यांचे डोळे चमकले! आकडे विचारून घेतले, माझ्या ४-३ वर मनसोक्त हसले. मग भुवया उंचावून म्हणाले, "आणि ती मोकळी जागा? तिथनं गेला तर?"

"कुणाचीच चूक नाही, बाबा. तिथे कुणी नसतंच ना." माझा आवाज चिरकला.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग तू कशाला गं तीन वर्षं स्वतःच्या नावावर लिहून ठेवलीयस? खोड ती."

मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले. बाबा चष्मा पुसत राहिले.

घर कुठलं, असं इथे कुणी विचारलं की मी अडखळायचे. सांगली म्हणू की वाल्डॉर्फ? आता वाटतं, जिथल्या यादीत आपली जागा आपण नसतानाही आपलीच असते, ते घर. वाल्डॉर्फच्या यादीत मी आहेच. सांगलीच्या यादीतून माझं नाव गेलं, असं मीच धरून चालले होते.

पालकांच्या ग्रुपवर आलेला मॅचचा व्हिडिओ मी बाबांना पाठवला होता. मंगळवारी सकाळी त्यांच्याकडून एक फोटो आला: क्रिकेटची जुनी वही, त्यात पट्टीने आखलेले नवे रकाने आणि थरथरत्या अक्षरात अख्खी मॅच. इराच्या बळीपुढे लाल पेन्सिलीत ६-३. क्रिकेटला शेजारी शेजारी दोन स्कोअरर बसतात. पानाच्या वर, स्कोअररच्या रेघेवर, बाबांनी दोन नावं लिहिली होती, त्यांचं आणि माझं.