जावेचा चोरटा दम

गुडघ्यासाठी डॉक्टरनं पोहायले सांगितलं होतं मले. यवतमाळातल्या टँकवर बायांची बॅच असते, पण एकटीनं जायची लाज वाटे, म्हणून धाकट्या जावेले सोबतीले नेलं. माहीच चूक झाली ते. मी मधातच उभी, नाकातोंडात पाणी, अन् ते पोट्टी पहिल्याच आठवड्यात पलीकडची भिंत गाठून मोकळी. मग मलेही ते भिंत गाठायचीच होती. तिच्या डोळ्यांदेखत.

शिकवणाऱ्या बाई म्हणत, तोंड पाण्यात असलं की हळूहळू दम सोडा, मान वळवली की घ्या. आता दमाचं मले कोणी शिकवावं? आमच्या मोहल्ल्यातल्या विहारात बुद्धवंदना मीच घेते. ओळ धरली की शेवटच्या अक्षरापर्यंत दम तोडत नाही. जाऊबाईचं मात्र ओळीच्या मधातच पेट्रोल संपते. मग कोणाले कळू न देता हळूच घोटभर हवा घेते अन् पुन्हा सगळ्यांत मिसळते. यावरून मी तिले कितीदा टोकलं असन.

एक दिवस बाईंनी मलेच पकडलं. "ताई, तुम्ही पाण्यात दम कोंडून ठेवता. मान वर काढली की जुना सोडायचा का नवा घ्यायचा? जाऊबाईचं पाहा, थोडा सोडते, थोडा घेते."

म्हणजे विहारात ज्या चोरीसाठी मी तिले बोलत होती, तिलेच इथं शाबासकी! अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी येऊन पाहते तर सासूबाई फोनवर नणंदेले सांगून राह्यल्या, धाकटी मासोळीवानी पोहते म्हणून. मोठीचं नावच नाही. भाजीत मीठ जास्त पडलं त्या दिवशी.

बॅचच्या शेवटच्या दिवशी जाऊ काठाकाठानं माह्यासंगं चालत होती. मान वळवली की तिचा आवाज कानात येई, सोडा ताई, आता घ्या. तिचं ऐकायचं नाही असं मी घरूनच ठरवून आलती. पण पाण्यात पडल्यावर कायचा ठराव! थोडा सोडला, थोडा घेतला. छातीतली कोंडी सुटली. रोज उभी राहायची ते जागा कधी मागं गेली कळलंच नाही, अन् हाताले भिंत लागली.

वर पाहिलं तर तिचे डोळे भरून आलते.

"ताई, पोचल्या तुम्ही," ती म्हणे.

तिनं पहिल्यांदा भिंत गाठली तवा सगळ्या बाया टाळ्या वाजवत होत्या, अन् मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बसलती. तिले मात्र माह्यासाठी खरंच आनंद झालता. हेही तिलेच जमलं, म्हणून भिंत धरल्या धरल्या माह्या जिवाची पुन्हा आग झाली.