गंगावेशीची वाट

बायकोची अट साधी होती. "गाव मी बघणार, माझ्या पायांनी. तुम्ही मागून यायचं आणि तोंड बंद ठेवायचं."

निवृत्तीनंतर कुठं राहायचं यावरून आमच्या घरात वाद चालला होता. मला कोल्हापूरला परत यायचं होतं. फार यायचं होतं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये तांबड्या रश्शाला फोडणी पडली की माझे डोळे भरून यायचे आणि मी ते कांद्यावर ढकलायचो. बायको नाशिकची. माझ्या बदल्यांपायी मी म्हणेन त्या गावात ती जन्मभर बिऱ्हाड मांडत आली. कोल्हापूर तिनं पाहिलं होतं ते लग्नकार्यापुरतं आणि सणासुदीला, म्हणजे बहुतेक स्वयंपाकघराच्या खिडकीतून. त्यामुळं या खेपेला गाव तिनं ठरवायचं, हे मला कबूल करावं लागलं. जुन्या पेठा फिरून झाल्या की ती हो किंवा नाही सांगणार होती.

'नाही'ची मला धास्ती होती, त्याला कारण होतं. लग्न होऊन ती घरी आली त्या आठवड्यात माझी आई पदराला हात पुसत तिला म्हणाली, "मी जेवलो, आता तू बस." नवी सून दचकून इकडंतिकडं बघायला लागली, कोण जेवला म्हणून. आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी जेवलो, मी जातो' असंच बोलतात. त्यात वेगळं काही आहे हे दुसऱ्या गावचं माणूस हसेपर्यंत आम्हाला कळतही नाही. पुढं माहेरी गेली की ती सासूची नक्कल करायची. सगळे पोट धरून हसायचे आणि मी जावईबापू म्हणून हसल्यासारखं करायचो. इतकी वर्षं झाली, पण स्वतः ती चुकूनही तसं बोलली नाही. 'मी आले', 'मी जेवले'. कोल्हापूरला तिनं चार हात लांबच ठेवलं होतं.

तर चैत्रातल्या एका दुपारी, उन्हं कलल्यावर, आम्ही बिंदू चौकातून निघालो. हातात फोन, फोनमध्ये नकाशा, आणि त्यातली बाई 'गंगावेश'चा उच्चार असा करत होती की कुठलंतरी औषध असावं. भवानी मंडपात बायकोनं पाटीवरचं अक्षर न् अक्षर वाचलं. पाट्या वाचून कधी कुणाला गाव कळलंय? पण मी गप्प. गुजरीतल्या सोनारांच्या दुकानांसमोरून ती न थांबता गेली, तेव्हाही मी गप्प. ते मात्र आनंदानं.

पापाच्या तिकटीला ती थांबली. तीन रस्ते मिळतात ती तिकटी, एवढं तिला ठाऊक होतं. "पण पाप कुणाचं?" तिनं एका चपलांच्या दुकानदाराला विचारलं.

"पापबीप काय न्हाय, वैनी," तो चपलेचा पट्टा वाकवत म्हणाला. "नाव हाय ते. नावाला काय इचारायचं?"

तिला हे उत्तर आवडलं असावं. निदान ती हसली. तेवढ्यानं मला चेव आला आणि मी अट मोडली. "ठेव तो फोन. इथून एक बोळ आहे. लहानपणी मी डोळे मिटून गंगावेशीला जायचो." मी छाती काढून पुढं झालो.

बोळ सापडला. पण तो संपला एका घराच्या मागच्या परड्यात, तिथं एक बाई चटणीसाठी मिरच्या भाजत होती. चटणी म्हणजे आमचा वर्षभराचा लाल मसाला. आम्ही दोघं शिंकायला लागलो.

"पावणं, हिकडं वाट न्हाय," ती म्हणाली.

पावणं! जन्मलो त्या गावात! "अहो, मी इथलाच आहे," मी शिंकांमधून ओरडलो. "पलीकडच्या पेठेतला!"

तिनं माझी टोपी पाहिली, पांढरे बूट पाहिले. "व्हय काय? मग बोळ बंद झाल्यालं कसं ठावं न्हाय?"

बायकोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यातलं मिरचीचं किती आणि हसण्याचं किती, कोण जाणे. "बसा वैनी," म्हणत ती बाई पाणी आणायला आत गेली. मिरच्या करपायला लागल्या तशी बायकोनं फोन कट्ट्यावर ठेवला, उलथनं उचललं आणि परतायला बसली. मग दोघी भाजण्यावरून बराच वेळ बोलत राहिल्या. मला पाण्याचा तांब्या मिळाला, बसायला कुणी सांगितलं नाही.

निघताना मी बोळाकडं वळलो, तर बाई म्हणाली, "माघारी कशाला जातासा? घरातनं जावा की."

आम्ही चपला-बूट हातात घेतले आणि स्वयंपाकघरातून, माजघरातून, सोप्यातून गेलो. सोप्यात कॉटवर एक गृहस्थ टीव्ही बघत पडले होते. रोज त्यांच्या घरातून रहदारी चालत असावी तसे ते म्हणाले, "या." पुढच्या दारातून बाहेर पडलो तर समोर गंगावेशीचा रस्ता.

"परत या वैनी," बाईनं सांगितलं.

"येते हं," बायको म्हणाली. येते. मी ते ऐकलं आणि बूट चढवले.

गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशी बांधलेल्या होत्या. गवळ्यानं समोर धार काढून फेसाळ पेला तिच्या हातात दिला. तिनं तो संपवला, ओठांवरचा फेस पुसला. मला राहवलं नाही. "काय ठरलं?"

"अजून काही नाही," ती म्हणाली आणि पर्स चाचपायला लागली. फोन नव्हता. परड्यातच राहिला होता.

"थांब, मी आणतो."

"तुम्हाला कुठं वाट ठाऊक आहे?" म्हणत ती निघालीसुद्धा.

नकाशा नाही, फोनमधली बाई नाही, पाटी नाही. दोन वळणं तिनं बरोबर घेतली. दार उघडंच होतं. उंबऱ्याशी चप्पल काढून तिनं आत हाक मारली, "ताई, मी आलो!"

आतून आवाज आला, "या की वैनी. पावणं बी हाईत काय?"

"हाईत," बायको म्हणाली आणि आत गेली.

ती ठरवून तसं बोलली की तोंडून निसटलं, हे मी विचारलं नाही. तोंड बंद ठेवायचं ठरलं होतं. मी बूट काढले आणि तिच्या मागून आत गेलो.